काचेवर नाव टाकण्याचा घरगुती धंदा
कमी भांडवलात सुरू होतो, पण तेजाबाची बाटली घरात नको

आहेराच्या भांड्यावर नाव टाकून देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. खामगाव असो, मलकापूर असो की मेहकर, भांड्यांच्या दुकानात पातेले किंवा तांब्या घेतला की दुकानदार विचारतो, "नाव टाकायचे का?" गिऱ्हाईक हो म्हणाले की तो थरथरणारे छोटे विजेचे यंत्र हातात घेतो आणि दोन मिनिटांत देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव व तारीख भांड्यावर टाकून देतो. त्या नावाने भांड्याचे वजन वाढत नाही. पण ते कोणी दिले, कोणाच्या लग्नात दिले, हे पुढच्या पिढीलाही कळते. म्हणूनच नाव टाकलेले भांडे सहसा मोडीत जात नाही.

आता आहेराचे स्वरूप बदलले आहे. घरोघरी स्टीलची भांडी पुरेशी झाली आहेत. लोक काचेचे ग्लास, मग, आरसा, फोटोची चौकट, दारावरची पाटी, शाळेच्या निरोप समारंभाचे स्मृतिचिन्ह अशा वस्तू देऊ लागले आहेत. त्यावर नाव हवे असेल तर पुष्कळदा मोठ्या शहरातून किंवा मोबाईलवरून माल मागवला जातो. हे काम आपल्या जिल्ह्यातील कारागिराला घरी बसून करता येण्यासारखे आहे. काच कापणारे, फ्रेम बसवणारे, रेडियमच्या पट्ट्या कापणारे, भांड्यांवर नाव टाकणारे आणि सुंदर अक्षर असलेले तरुण-तरुणी यांना तर ते लवकर जमेल.

मात्र या धंद्यात उतरण्यापूर्वी दोन गोष्टी पक्क्या समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, काचेवर नाव उमटवण्याच्या रीती अनेक आहेत आणि त्यातील सर्वांत स्वस्त दिसणारी रीत सर्वांत घातक आहे. दुसरी, ज्या वस्तूवर एकदा नाव पडले ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले तर शरीराचे नुकसान, दुसरीकडे केले तर खिशाचे.

काच आणि नाव यांचे जुने नाते

काचेवर नाव लिहिणे ही काही आजची कल्पना नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात मिसर आणि शाम म्हणजे आजचे इजिप्त व सीरिया येथे मशिदींसाठी काचेचे मोठे दिवे बनत. त्यावर सोन्याचा मुलामा आणि रंगीत मिना वापरून अक्षरे काढली जात. त्या अक्षरांत दिवा देणाऱ्या सुलतानाचे किंवा अमीराचे नावही असे. कैरोतील सुलतान हसन यांच्या मशिदीचे असे दिवे आजही संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. देणाऱ्याचे नाव टिकावे, ही त्यामागची भावना आपल्या तांब्या-पातेल्यावरील नावापेक्षा वेगळी नव्हती.

महाराष्ट्रातही काचेच्या धंद्याला इतिहास आहे. एक-एक पैसा वर्गणी गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. १९१६ साली कराडजवळ ओगले काच कारखाना सुरू झाला. त्याच्या 'प्रभाकर' कंदिलाने खेड्यापाड्यांत उजेड दिला. आज आपल्या बाजारात जे काचेचे ग्लास व शोभेच्या वस्तू येतात, त्यातील बराच माल उत्तर प्रदेशातील फिरोजाबादचा असतो. तेथील काचकामात मुस्लिम कारागिरांचा मोठा वाटा आहे. आपल्याला काच बनवायची नाही. तयार वस्तू आणून त्यावर हाताचे काम करायचे आहे. त्यामुळे भट्टी, कोळसा, मोठी जागा असा कोणताही खर्च येत नाही.

नाव उमटवण्याच्या रीती

गुळगुळीत काचेतून उजेड सरळ आरपार जातो. तिचा पृष्ठभाग बारीक खडबडीत केला की उजेड विखुरतो आणि तेवढा भाग पांढुरका, म्हणजे दुधी दिसतो. काचेवरचे नाव म्हणजे एवढेच. त्यात रंग नसतो, म्हणून तो उडत नाही आणि धुतल्याने जात नाही. हा खडबडीतपणा आणण्याच्या मुख्य रीती चार आहेत.

पहिली, हिऱ्याच्या कणांचे टोक असलेल्या यंत्राने हाताने कोरणे. दुसरी, कागदी किंवा प्लॅस्टिकचा साचा चिकटवून त्यावर एचिंग क्रीम लावणे. तिसरी, हवेच्या दाबाने कठीण कणांचा मारा करणे, ज्याला सँडब्लास्ट म्हणतात. ही युक्ती अमेरिकेतील बेंजामिन टिलघमन याने १८७० साली पेटंट केली. चौथी, संगणकावर चालणारे लेसर यंत्र. लेसर यंत्र महाग असते. सुरुवात करणाऱ्याने ते विकत घेण्याऐवजी मोठी ऑर्डर आली तर शहरातील लेसरवाल्याकडून मजुरीने काम करून घ्यावे.

याशिवाय पाचवी एक रीत आहे आणि तिच्यापासूनच सावध राहायचे आहे. ती म्हणजे सुटे तेजाब.

तेजाब : ही बाटली घरात आणू नका

काचेचे तेजाब म्हणजे हायड्रोफ्लोरिक अॅसिड. इतर तेजाबांचा काचेवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून तर ती काचेच्या बाटलीत ठेवतात. हे तेजाब मात्र काचच खाते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या डब्यात मिळते. काच ज्या वाळूची बनते, त्या वाळूतील सिलिका या तेजाबात विरघळते. ते थोड्या पैशात पुष्कळ काम करते, म्हणून काही कारागीर त्याच्या मागे लागतात.

याचा धोका साध्या तेजाबासारखा नाही. गंधकाचे तेजाब अंगावर पडले तर लगेच आग होते आणि माणूस पाण्याकडे धावतो. हे तेजाब पातळ केलेले असेल तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी वेदना सुरू होतात. तोपर्यंत ते कातडीतून आत उतरलेले असते. आत गेल्यावर त्यातील फ्लोराईड शरीरातील कॅल्शियमला धरते. हाडालाही ते सोडत नाही. रक्तातील कॅल्शियम एकदम कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. तीव्र तेजाब दोन-तीन तळहातांएवढ्या जागेवर पडले तरी जीव जाऊ शकतो. त्याची वाफ फुफ्फुसाला जाळते. एकोणिसाव्या शतकात फ्लोरीन हे मूलद्रव्य वेगळे काढण्याच्या प्रयत्नात युरोपातील काही रसायनशास्त्रज्ञांनी प्राण गमावले. शेवटी १८८६ साली फ्रान्सच्या आंरी म्वासां यांना ते साधले.

आपली घरे लहान असतात. एकाच खोलीत स्वयंपाक, अंथरूण आणि काम चालते. त्यात पाण्याच्या रिकाम्या बाटलीत असे तेजाब ओतून ठेवले आणि लहान मुलाच्या हाती लागले तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून नियम एकच : सुटे तेजाब कितीही स्वस्त मिळो, कोणीही कितीही भरवसा देवो, ते घरात आणायचे नाही.

क्रीम हे तेजाबापेक्षा सौम्य असते, पण निरुपद्रवी नसते. एचिंग क्रीममध्ये बहुधा अमोनियम बायफ्लोराईड हे द्रव्य असते. ओलावा मिळाला की त्यातूनही तेच काम करणारे तेजाब थोड्या प्रमाणात तयार होते. म्हणून क्रीम वापरायचे असेल तर पुढील तयारी आधी करावी.

१. डॉक्टरांचा सल्ला घेऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल आणून ठेवावे. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते तयार नसते, मागवावे लागते. ते हाती येईपर्यंत काम सुरू करू नये.
२. हातात जाड रबरी किंवा नायट्राइलचे, छिद्र नसलेले हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत.
३. काम अंगणात, गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत करावे. स्वयंपाकघरात अजिबात नको.
४. क्रीम त्याच्या मूळ डब्यातच, कुलूप लावून ठेवावे. लेबल काढू नये.
५. काम चालू असताना लहान मुले आसपास नसावीत. खाणेपिणे नसावे.

क्रीम कातडीला लागलेच तर दुखत नाही म्हणून थांबू नये. तो भाग लगेच वाहत्या पाण्याखाली धरावा, अंगठी-घड्याळ व भिजलेले कपडे काढावेत, नंतर हातमोजा घालून जेल चोळत राहावे आणि दवाखाना गाठावा. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत थेट रुग्णालयात जावे. डॉक्टरांना डब्याचे लेबल दाखवावे आणि "फ्लोराईडचे द्रव्य आहे" असे स्पष्ट सांगावे. केवळ "अॅसिड पडले" एवढे सांगितले तर साध्या भाजण्याचा उपचार होण्याची शक्यता असते.

वाळूचा धोकाही ओळखा

सँडब्लास्टने काम झपाट्याने होते आणि अक्षर खोल उठते. पण नदीची वाळू मशीनमध्ये भरून उघड्यावर फवारणे म्हणजे फुफ्फुसाशी वैर करणे होय. वाळूची अतिबारीक धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. गुजरातमधील खंभातचे कारागीर आपल्या अंगठीतील अकीक घासून चकचकीत करतात. अकीक हीसुद्धा सिलिकाच. त्या धुळीने तेथील कित्येक घरांतील कमावते पुरुष आणि बाया या रोगाला बळी पडल्या. ब्रिटनने १९४९ सालीच अशा फवारणीत वाळू वापरण्यास बंदी केली. तुर्कस्तानात जीनच्या कपड्यांवर वाळू फवारणारे तरुण मजूर दगावू लागले तेव्हा २००९ साली तेथेही त्या कामावर बंदी आली.

ज्याला पुढे हे यंत्र घ्यायचे असेल त्याने वाळूऐवजी अॅल्युमिनियम ऑक्साईडचे कण, हात घालण्याची भोके असलेली बंद पेटी, धूळ ओढणारा पंखा आणि योग्य मास्क एवढे सर्व एकत्रच घ्यावे. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे मास्क नव्हे. हे काम घरात नाही, वेगळ्या शेडमध्येच करावे.

सुरुवात कोठून करावी

घरी काम करणाऱ्यासाठी सर्वांत योग्य रीत म्हणजे हातातले कोरण्याचे यंत्र. भांड्यांवर नाव टाकणाऱ्याकडे असते तसे थरथरणारे यंत्र कठीण टोक बसवले तर काचेवरही चालते, पण पातळ ग्लास त्याने तडकतो. त्यापेक्षा गोल फिरणारे छोटे यंत्र आणि हिऱ्याच्या कणांचे टोक, म्हणजे डायमंड बिट, घ्यावे.

रीत सोपी आहे. कागदावर नाव लिहून तो कागद ग्लासच्या आतल्या बाजूने चिकटवावा. बाहेरून तो दिसतो. प्रथम बारीक टोकाने अक्षरांची कडा काढावी, नंतर गोल टोकाने आतला भाग भरावा. यंत्रावर जोर देऊ नये. टोकाला काम करू द्यावे, हाताने फक्त वळवावे. काच ओल्या स्पंजने सारखी ओली ठेवावी, म्हणजे धूळ उडत नाही आणि काच तापत नाही. पाणी यंत्राच्या मोटारीत जाऊ देऊ नये. चष्मा आणि धुळीचा मास्क येथेही लागतोच. पहिले पन्नास नग विकण्यासाठी नाहीतच असे समजून रिकाम्या बाटल्या आणि बरण्यांवर हात बसवावा. त्याला पैसे पडत नाहीत.

ज्याचा हात अक्षरावर बसलेला नाही किंवा ज्याला एकसारखे वीस-पंचवीस नग हवे आहेत, त्याला साचा आणि क्रीमची रीत सोयीची पडते. साच्यासाठी वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. गाड्यांच्या नंबरपट्ट्या करणारे रेडियमवाले प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्यांच्याकडे संगणकावर अक्षरे कापणारे यंत्र असते. त्यांच्याकडून चिकटपट्टीवर नाव कापून आणावे. अक्षरांची जागा रिकामी राहील आणि भोवतालचा भाग शिल्लक राहील, असे उलटे कापून घ्यायचे हे त्यांना नीट समजावून सांगावे. देवनागरीतील 'व', 'ब', 'म' यांच्या पोटातील तुकडे सुटून पडतात. वरून कागदी टेप लावून सगळा साचा एकदम उचलला तर ते जागच्या जागी राहतात.

काच आधी साबणाने, नंतर स्पिरिटने पुसावी. बोटाचा एक ठसा राहिला तरी तेथे डाग उमटतो. साचा चिकटवून प्रत्येक अक्षराची कडा नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घट्ट दाबावी. सैल कडेतून क्रीम आत शिरले की अक्षर फाटके दिसते. क्रीम प्लॅस्टिकच्या पट्टीने जाडसर लावावे. किती वेळ ठेवायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, ते डब्यावर पाहावे. वेळ झाल्यावर उरलेले क्रीम पट्टीने खरवडून बाजूला घ्यावे. काही कंपन्यांचे क्रीम पुन्हा वापरता येते. मग वस्तू प्लॅस्टिकच्या बादलीत भरपूर पाण्याने धुवावी आणि साचा त्यानंतर काढावा. चिनी मातीच्या बेसिनमध्ये धुतले तर बेसिनची चमक जाते.

धुतलेले पाणी विहिरीजवळ, झाडात किंवा जनावरांच्या हौदाजवळ टाकू नये. बादलीत विझवलेला चुना घालून ते उघड्यावर ठेवावे. त्या वेळी अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून दूर उभे राहावे. चुन्यामुळे फ्लोराईड तळाशी बसते.

कोणती काच घ्यावी

साधी पांढरी जाड काच सर्वांत चांगली. भट्टीतील तापमान सोसणारी बोरोसिलिकेट काच क्रीमला नीट दाद देत नाही. अॅक्रिलिक व प्लॅस्टिकवर तर क्रीम चालतच नाही. शंका असेल तर बुडाशी एक ठिपका लावून पाहावा. टफन केलेल्या काचेवर वरवरचे दुधी काम चालते, पण ती कापू नये आणि खोल कोरू नये, तिचा एकदम चुरा होतो. पिण्याच्या ग्लासवर फक्त बाहेरून काम करावे आणि ओठ लागतो तेथून दोन बोटे जागा सोडावी.

आपल्या जिल्ह्यात पाण्याचीही एक अडचण आहे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णा नदीचा भाग खारपाण पट्ट्यात येतो. तेथील बोअरच्या पाण्याने धुतलेली काच वाळली की तिच्यावर पांढरे डाग पडतात आणि दुधी अक्षर मळकट दिसते. शेवटचा हात गोड्या पाण्याचा किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा मारावा आणि मऊ सुती कपड्याने लगेच पुसून घ्यावे.

अक्षर हेच भांडवल

ग्लास सगळ्यांकडे सारखाच असतो. गिऱ्हाईक पैसे देते ते नावाचे. म्हणून अक्षर सुंदर आणि बिनचूक पाहिजे. येथे आपल्याकडे एक ठेवा पडून आहे. १९९० च्या दशकात उर्दू छपाई संगणकावर गेली आणि हाताने लिहिणाऱ्या कातिबांचा रोजगार बसला. तरीही लग्नपत्रिका, फलक, मदरशाच्या सनदा लिहिणारे खुशखत लोक अजून आहेत. अशा एखाद्या जुन्या हाताकडून नस्तालीक शिकलेला मुलगा काचेवर जे नाव काढील, ते संगणकावरच्या तयार अक्षरापेक्षा वेगळे उठून दिसेल. मराठी आणि उर्दू दोन्ही लिपींत नाव टाकून देणारा कारागीर आपल्या भागात जास्त गिऱ्हाईक मिळवील.

उर्दू नावात नुक्ता सांभाळावा. एक नुक्ता वर गेला आणि एक खाली आला तर 'नबी'चे 'बनी' होते. रेडियमच्या साच्यात हे बारीक ठिपके सहज निसटतात, म्हणून ते थोडे मोठे कापून घ्यावेत. मराठीतही ऱ्हस्व-दीर्घ, 'शेख' की 'शेक', 'सय्यद' की 'सैय्यद' हे आपण ठरवायचे नाही. गिऱ्हाइकाकडून नाव त्याच्या स्वतःच्या हाताने लिहून घ्यावे, कागदावर नमुना काढून दाखवावा आणि त्यावर त्याची सही घ्यावी. चूक झाली तर कोणाची, हा वाद मग राहत नाही.

काही गिऱ्हाइके आयत किंवा पवित्र नाव टाकून मागतात. अशी अक्षरे भिंतीवर लावायच्या चौकटीवरच करावीत. ग्लास, ताट, मग उष्टे होतात, मोरीत जातात, फुटून कचऱ्यात पडतात. तेथे ती अक्षरे नकोत हे गिऱ्हाइकाला नम्रपणे सांगावे. समजावून सांगितल्यास गिऱ्हाईक ऐकते आणि ग्लासऐवजी चौकट घेऊन जाते.

हिशेब : नाव पडले की माल अडकला

साधा ग्लास आज विकला नाही तर उद्या विकला जाईल. 'सलीम-शबाना' असे नाव पडलेला ग्लास मात्र जगात एकाच घरी जाऊ शकतो. ते घर घ्यायला आले नाही तर काच, मजुरी, साचा सगळे पाण्यात. म्हणून या धंद्यात उधारी चालत नाही. ऑर्डरसोबत निदान अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि ती काचेच्या व साहित्याच्या खर्चापेक्षा कमी नसावी. ओळखीच्या माणसाकडून पैसे मागायला संकोच वाटतो. पण नियम पाटीवर लिहून लावला तर तो सर्वांना सारखा राहतो आणि कोणाचे मन दुखत नाही.

किंमत कशी काढावी याचा एक नमुना पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडावेत. समजा, मग ८० रुपये, साचा २० रुपये, क्रीम व हातमोजे १५ रुपये आणि खोका २५ रुपये. साहित्य झाले १४० रुपये. दहा नगांत एक खराब होतो असे धरले तर त्या एका नगाचे १४० रुपये उरलेल्या नऊ नगांवर पडतात, म्हणजे नगामागे सुमारे १६ रुपये. मजुरी ४० रुपये. वीज, वाहतूक, यंत्राची झीज १४ रुपये. एकूण खर्च २१० रुपये. त्यावर ४० रुपये नफा धरला तर विक्री २५० रुपये होते. कित्येक कारागीर खराब नग आणि स्वतःची मजुरी हिशेबातच धरत नाहीत. घरातल्या बाईने तीन तास काम केले तर तिची मजुरीही खर्चात लिहिली पाहिजे. ती न लिहिता जो नफा दिसतो तो तिच्याच कष्टाचा असतो.

माल बाहेरगावाहून मागवला असेल तर ट्रान्सपोर्टमधून खोका सोडवताना तो तेथेच हलवून, उघडून पाहावा. फूट असेल तर तशी नोंद बिल्टीवर करून घेतल्याशिवाय सही करू नये.

गिऱ्हाईक कोठे आहे

लग्नसराई तर आहेच. त्याशिवाय शाळा-महाविद्यालयांचे निरोप समारंभ, शिक्षक व कर्मचाऱ्यांची सेवानिवृत्ती, क्रिकेट व कबड्डीच्या स्पर्धा, नव्या घराच्या पाट्या, डॉक्टर-वकिलांच्या काचेच्या दारावरील नावे ही वर्षभराची कामे आहेत. दवाखाना किंवा दुकानाच्या खिडकीचा खालचा भाग दुधी करून देण्याचे कामही मिळते.

खामगावची चांदीची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे आणि भेटवस्तू घेण्यासाठी तेथे बाहेरगावचे गिऱ्हाईक येतेच. ज्याला चांदी परवडत नाही त्याच्यासाठी नाव टाकलेली काचेची वस्तू हा मधला पर्याय ठरू शकतो. अशा दुकानदाराकडे दोन नमुने ठेवावेत आणि ऑर्डरमागे त्याचे कमिशन आधी ठरवून घ्यावे. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांची यात्रा भरते. तेथे सर्व धर्मांचे लोक दुरून येतात. अशा ठिकाणी क्रीमचे काम करू नये. हातातल्या यंत्राने छोट्या वस्तूवर गिऱ्हाइकासमोर नाव टाकून रोख पैसे घ्यावेत. तेथे न आलेल्या ऑर्डरचा प्रश्नच येत नाही.

भांडवल आणि सरकारी योजना

कोरण्याचे यंत्र, काही टोके, चष्मा, मास्क आणि दोन डझन ग्लास एवढ्यावर सुरुवात होते. त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही. ज्यांना व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहायचे आहे त्यांनाही हा धंदा स्वतःच्या बचतीतून उभा करता येतो. पहिल्या वर्षी आलेला नफा घरखर्चात न घालता पुढच्या मालात घालावा.

धंदा वाढल्यावर 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. ती २०२० पासून ऑनलाईन आणि मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. शेड व यंत्रे घ्यायची असतील तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी बुलडाणा येथील जिल्हा उद्योग केंद्रात करावी. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत महिला आणि अल्पसंख्याक यांचा समावेश विशेष प्रवर्गात होतो आणि त्यांना अनुदानाचे प्रमाण अधिक असते. २०२३ साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना मात्र ठरलेल्या अठरा व्यवसायांसाठी आहे. त्या यादीत काचकाम नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी फॉर्म भरून देतो म्हणाला तर सावध राहावे.

हा धंदा एका रात्रीत श्रीमंत करणारा नाही. पण शिवणकाम करणाऱ्या भगिनीला फावल्या वेळात, फ्रेमवाल्याला रिकाम्या दिवसांत आणि शिक्षण संपवून कामाच्या शोधात असलेल्या तरुणाला त्यातून हक्काची कमाई होऊ शकते. यंत्र आणण्यापूर्वी रिकामी बरणी घेऊन तिच्यावर आपल्याच घरातील एक नाव कागदावर नीट लिहून पाहावे. अक्षर मनासारखे उतरले तर पुढे जावे. उतरले नाही तर आधी अक्षर सुधारावे. काच त्यानंतर घ्यावी, आणि तेजाब कधीच घेऊ नये.